औंधच्या राजाचा नेम

व्यायाम सुरू करणे अवघड नसते. पहिल्या आठवड्यात नवे बूट येतात, पहाटेचा गजर लागतो, चार जणांना सांगूनही होते. अवघड असतो तो तिसरा महिना. पाऊस लागतो, घरी पाहुणे येतात, गुडघा कुरकुरतो, आणि एके दिवशी बंद पडलेला व्यायाम पुन्हा सुरूच होत नाही. हा अनुभव घराघरातला आहे. म्हणूनच वयाच्या चाळिशीत एक साधा व्यायाम हाती घेऊन तो म्हातारपणापर्यंत सांभाळणाऱ्या माणसाचे चरित्र आजही उपयोगाचे ठरते. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे ते नाव.

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. छत्रपतींच्या दरबारातील 'प्रतिनिधी' या मानाच्या पदावरून त्यांच्या घराण्याचे नाव पडले होते. आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात असलेले औंध हे संस्थानच्या राजधानीचे गाव. गावाशेजारच्या डोंगरावर यमाईचे मंदिर आहे. संस्थान फार मोठे नव्हते. सारी मिळून ७२ गावे, तीही एका जागी नसून विखुरलेली आणि बरीचशी दुष्काळी पट्ट्यातली. भवानरावांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण घेतले, बी.ए. झाले आणि पुढे वडिलांच्या कारभारात लक्ष घालू लागले. चित्रकलेचा नाद लहानपणापासूनचा होता. कीर्तनही ते उत्तम करीत. गादीवर आपण बसू असे मानण्याचे कारण तेव्हा नव्हते, कारण थोरले भाऊ होते.

तिशीच्या उंबरठ्यावर असताना, १८९७ साली, त्यांनी युजेन सँडोची व्यायामाची साधने आणि त्याचे पुस्तक मागवले. सँडो हा प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथे जन्मलेला आणि लंडनमध्ये नावारूपाला आलेला बलवान. रंगमंचावर ताकदीचे प्रयोग करून दाखवता दाखवता त्याने शरीर कमावण्याची एक पद्धतच बांधली होती. लहान वजनाचे डंबेल्स, ताणायचे दोर, प्रत्येक स्नायूसाठी वेगळी हालचाल आणि छाती-दंडाची मापे लिहून ठेवण्याची शिस्त, असे त्या पद्धतीचे स्वरूप होते. त्याची पुस्तके आणि साधने समुद्र ओलांडून हिंदुस्थानात येत होती. पुढे तो स्वतःही इथे येऊन प्रयोग करून गेला.

भवानरावांनी हा व्यायाम सुमारे दहा वर्षे नेमाने केला. ही गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. हौसेने आणलेली आणि महिन्याभरात धूळ खात पडलेली साधने प्रत्येकाच्या ओळखीची असतात. त्यांची साधने तशी पडली नाहीत. छाती रुंदावली, दंड भरले. तरीही चाळिशी गाठताना त्यांनी हा मार्ग सोडला आणि दुसरा धरला.

निमित्त झाले मित्राच्या सांगण्याचे. मिरजेचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन हे सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते होते. त्यांच्या आग्रहावरून १९०८ पासून भवानरावांनी नियमित सूर्यनमस्कार घालायला सुरुवात केली. नमस्कार महाराष्ट्राला नवे नव्हते. समर्थ रामदासांच्या नावाशी बाराशे नमस्कारांची आख्यायिका जोडलेली आहे. तालमीत जोर-बैठका आणि घरी नमस्कार अशी वाटणी कित्येक कुटुंबांत होती. सूर्याची उपासना म्हणून, नवस म्हणून, रथसप्तमीच्या निमित्ताने नमस्कार घातले जात. भवानरावांनी त्याकडे रोजचा व्यायाम म्हणून पाहिले. कोणत्या अंकाला हात कुठे, पाय कुठे, श्वास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा, हे त्यांनी बारकाईने ठरवले. आज बहुतेक ठिकाणी बारा अंकांचा नमस्कार शिकवतात. औंधच्या पद्धतीत दहा अंक होते.

एका नमस्कारात शरीराचे काय होते ते पाहिले, तर या निवडीचे कारण कळते. उभे राहून पुढे वाकताना पाठीचे आणि मांड्यांच्या मागचे स्नायू ताणले जातात. एक पाय मागे नेताना कंबरेचा सांधा खुलतो. दोन्ही पाय मागे गेले, की शरीराचा भार हात, खांदे आणि पोटाचे स्नायू पेलतात. साष्टांग नमस्कारातून छाती वर उचलताना कणा मागे वळतो, आणि कंबर वर उचलताना तो पुन्हा उलट दिशेने ताणला जातो. नमस्कार सावकाश घातला, तर लवचिकता आणि तोल यांवर भर राहतो. थोड्या वेगाने सलग घातले, तर नाडी वाढते, दम लागतो आणि हृदय-फुप्फुसांनाही काम मिळते. सँडोच्या पद्धतीत ज्यासाठी अनेक हालचाली आणि साधने लागत, त्यातले पुष्कळसे इथे एकाच साखळीत होत होते. खर्च मात्र काहीच नव्हता. माणूस पसरेल एवढी जमीन आणि अंगाखाली सतरंजी पुरे. राजाला खर्चाची चिंता नसेलही. पण ज्याला हा व्यायाम सगळ्या प्रजेपर्यंत न्यायचा होता त्याला ती करावीच लागणार होती. औंधचा वाडा असो की जुन्नर तालुक्यातले आणे पठारावरचे एखादे घर असो, नमस्काराला लागणारी जागा दोन्हीकडे सारखीच.

नमस्कारांना सुरुवात झाल्यावर वर्षभरात त्यांचे आयुष्य बदलले. थोरल्या भावाच्या पश्चात गादीवर आलेल्या पुतण्याला इंग्रज सरकारने दूर केले आणि नोव्हेंबर १९०९ मध्ये संस्थानची सूत्रे भवानरावांकडे आली. व्यायाम सुटण्याची याहून सबळ सबब शोधूनही सापडणार नाही. दुष्काळी मुलूख, तुटपुंजे उत्पन्न, भेटीगाठी आणि सरकारी पत्रव्यवहार. दुसऱ्याच वर्षी, १९१० मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी संस्थानच्या हद्दीत माळरानाची जागा मिळाली आणि तिथे किर्लोस्करवाडी वसू लागली. या सगळ्या धामधुमीत नमस्कार टिकले.

ते कसे टिकले, याचे उत्तर मराठीतल्या एका जुन्या शब्दात आहे. तो शब्द म्हणजे नेम. तुळशीला पाणी घालणारी बाई आज उत्साह वाटतो की नाही हे तपासत बसत नाही. आषाढीला निघणारा वारकरी यंदा जावेसे वाटते का, असा विचार दर वर्षी नव्याने करीत नाही. नेम म्हणजे एकदा घेतलेला निर्णय, जो रोज पुन्हा घ्यावा लागत नाही. भवानरावांचे नमस्कार पहाटेचे होते. दिवसाची कामे दाराशी येऊन उभी राहण्याआधीच ते संपलेले असत. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, क्रम ठरलेला. विचार करायला जागाच उरत नव्हती, त्यामुळे कंटाळ्यालाही ती कमी मिळत होती.

अलीकडच्या विज्ञानाने हीच गोष्ट मोजून दाखवली आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी कृती ठरलेल्या प्रसंगाला जोडून करायला सांगितली. कोणी जेवणाबरोबर फळ खायचे ठरवले, कोणी पाणी प्यायचे, कोणी व्यायाम करायचा. बारा आठवडे नोंदी ठेवल्या गेल्या. कृती आपोआप होऊ लागण्यासाठी लागलेल्या काळाचा मध्य ६६ दिवसांचा निघाला. पण माणसामाणसांतला फरक मोठा होता. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला हिशेबाने २५४ दिवस लागतील असे दिसले. पाणी पिण्यासारख्या सोप्या कृतीपेक्षा व्यायामाची सवय लागायला जास्त वेळ गेला. म्हणजे २१ दिवसांत सवय लागते ही लोकप्रिय समजूत बहुतेकांच्या पदरी निराशाच टाकणारी आहे. बाविसाव्या दिवशी अंथरुणातून उठवेना, तर दोष स्वतःचा नसतो. मुदतच चुकीची सांगितलेली असते. याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष तितकाच दिलासा देणारा आहे. मध्ये एखादा दिवस चुकला, तरी सवय घडण्यावर विशेष परिणाम झाला नाही.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्वित्झर यांनी १९९९ साली मांडलेली कल्पनाही याच वाटेने जाते. मी व्यायाम करीन, असा नुसता निश्चय फारसा पुढे जात नाही. अमुक झाले, की लगेच तमुक करायचे, अशी गाठ बांधली तर कृती घडण्याची शक्यता वाढते. तोंड धुतले की सतरंजी अंथरायची, ही अशी गाठ आहे. संध्याकाळी वेळ मिळाला तर बघू, ही गाठ नव्हे.

नमस्काराच्या जुन्या रीतीत आणखी एक सोय दडलेली होती. प्रत्येक नमस्काराला सूर्याचे एक नाव घ्यायचे, मित्र, रवी, सूर्य, भानू अशी बारा नावे. श्रद्धावंताला ती उपासना वाटते. व्यायामाच्या दृष्टीने ती मोजणीही आहे. किती झाले आणि किती राहिले हे कळत राहते, मन भरकटले तरी नावाचा क्रम त्याला परत आणतो, आणि बारा पुरे झाले की काहीतरी पार पडल्याचे समाधान मिळते. मोठे काम असे छोट्या टप्प्यांत वाटले गेले, की ते अंगावर येत नाही.

तिसरा आधार माणसांचा होता. भवानरावांच्या घरात नमस्कार हा एकट्या राजाचा छंद राहिला नाही. राणीसाहेब आणि मुलेमुलीही ते घालू लागली. स्त्रियांनी व्यायाम करावा हे त्या काळी सहज पचणारे नव्हते. भवानरावांनी ते आग्रहाने मांडले आणि आपल्या घरापासून सुरुवात केली. घरातली चार माणसे एकाच वेळी उठत असतील, तर पाचव्याला झोपून राहणे जड जाते.

घरात जमलेली गोष्ट संस्थानात करून पाहावी, असे त्यांना वाटणे साहजिक होते. औंधच्या शाळांमध्ये मुलामुलींसाठी सूर्यनमस्कार सक्तीचे झाले. राजा स्वतः शाळांत जाई, नमस्कार पाही आणि घालूनही दाखवी. सूर्यनमस्कारांवर त्यांनी पुस्तक लिहिले, त्याची इंग्रजी आवृत्ती १९२८ च्या सुमारास निघाली. औंधचा राजा म्हणजे नमस्कारांचा राजा, अशी ओळखच महाराष्ट्रात झाली. तिच्यात कौतुक होते, तशी थोडी थट्टाही होती.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. हुकुमाने लागलेली सवय टिकते का? राजा हुकूम काढू शकतो, आणि शाळेच्या मैदानावर मुले ओळीने वाकू शकतात. पण शाळा सुटल्यावर, मोठे झाल्यावर, कोणी पाहत नसताना त्यातली किती वाकतील? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या प्रेरणेचा दीर्घ अभ्यास करून तीन गरजा सांगितल्या. ही गोष्ट मी माझ्या इच्छेने करतो आहे, ती मला जमते आहे, आणि ती करताना मी आपल्या माणसांत आहे. या तिन्ही भागल्या, तर प्रेरणा आतून येते आणि टिकते. केवळ धाकाने, लाजेने किंवा बक्षिसाच्या आशेने केलेली गोष्ट धाक संपला की मागे पडण्याचा संभव अधिक. औंधच्या शाळांत दुसरी आणि तिसरी गरज पुरी होत होती. नमस्कार प्रत्येकाला जमण्याजोगा होता आणि सोबतही होती. पहिली गरज मात्र हुकुमातून भागत नाही. खुद्द भवानरावांच्या बाबतीत ती पूर्ण भागलेली होती. त्यांना आज्ञा करणारे घरात आणि संस्थानात कोणी नव्हते. त्यांनी मित्राचे ऐकले, स्वतःवर करून पाहिले आणि मग धरले.

विचित्र असे, की आपल्या हाताने सत्ता सोडणारा राजा म्हणूनही इतिहासात त्यांचेच नाव आहे. महात्मा गांधींच्या सल्ल्याने, पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने औंधमध्ये १९३९ साली नवी राज्यघटना आली आणि कारभार लोकनियुक्त प्रतिनिधींच्या व ग्रामपंचायतींच्या हाती गेला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांना भिंतींशिवाय, विश्वासावर ठेवण्याचा प्रयोग झाला. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट पुढे त्यावरूनच सुचला. माणसावर विश्वास टाकला, तर तो स्वतःला सावरतो, हा त्या प्रयोगाचा पाया. शाळेतली सक्ती आणि स्वतंत्रपूरचा विश्वास ही दोन्ही एकाच राज्यातली. व्यायामाच्या बाबतीतही दुसरी वाट अधिक लांबवर नेते, असे आजचे शास्त्र सुचवते.

याच सुमारास औंधचे नमस्कार परदेशी पोहोचले. लंडनच्या 'न्यूज क्रॉनिकल' या दैनिकातील पत्रकार लुईझ मॉर्गन यांनी त्यांच्याविषयी लिहिले आणि १९३८ साली त्यांच्याच संपादनाखाली भवानरावांचे पुस्तक 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' या नावाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. ज्या शहराने सँडोला मोठे केले, तिथेच चार दशकांनी औंधची पद्धत छापून गेली. भवानराव तेव्हा सत्तरीला आले होते. पुस्तकापेक्षा त्यांची ताठ पाठ आणि सडसडीत चाल हीच लोकांना जास्त पटणारी साक्ष होती.

मात्र त्या पुस्तकांतले सगळेच दावे आज जसेच्या तसे घेता येणार नाहीत. नमस्काराने जवळजवळ सर्व विकार दूर राहतात, असा त्यांचा विश्वास होता. एका माणसाच्या निरोगी आयुष्यावरून तसे सिद्ध होत नाही. त्यांचे राहणे, खाणे, घराणे आणि नशीब यांचाही त्यात वाटा असणार. आज ठामपणे सांगता येते ते इतकेच, की नियमित शारीरिक हालचाल हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि नैराश्य यांचा धोका कमी करते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवते. नमस्कार हा त्याचा एक चांगला मार्ग आहे, एकमेव नव्हे. ज्यांना काचबिंदू, हर्निया, अनियंत्रित रक्तदाब, पाठीच्या मणक्याचा किंवा गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी, आणि गरोदर स्त्रियांनी, डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. बाकीच्यांनी दोन-चार नमस्कारांनी सुरू करून हळूहळू संख्या वाढवावी. पहिल्याच दिवशी शंभराचा आकडा गाठणाऱ्याला दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही, आणि तिसऱ्या दिवशी नमस्कार बंद पडतात.

भवानरावांची चिकाटी व्यायामापुरती नव्हती. १९१८ मध्ये त्यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्यासाठी एक लाख रुपये देऊ केले. ते काम पुढे जवळपास पन्नास वर्षे चालले आणि १९६६ मध्ये पुरे झाले, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी. १९३८ साली औंधच्या डोंगरावर त्यांनी उभारलेले भवानी संग्रहालय आजही पाहायला मिळते. आज पेरून उद्या फळ मागायचे नाही, हा स्वभावच दिसतो. व्यायामाला तोच स्वभाव मानवतो. आठ दिवसांनी वजनकाट्यावर उभे राहून निराश होणाऱ्याला तो मानवत नाही.

१९४८ साली औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजाचा हुकूम संपला. १३ एप्रिल १९५१ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी भवानराव वारले. राज्य राहिले नाही, तरी नमस्कार राहिले. पुढे परदेशांत भारताचे राजदूत म्हणून नाव मिळवणाऱ्या अप्पासाहेब पंतांनी वडिलांकडून घेतलेला हा व्यायाम देशोदेशी सोबत नेला आणि त्यावर पुस्तकही लिहिले. त्यांना ती सवय लागली होती घरात, वडिलांना रोज पहाटे नमस्कार घालताना पाहत.

ज्यांचा व्यायाम यंदाही तिसऱ्या महिन्यात थांबला आहे, त्यांच्यासाठी या चरित्रातून हाती लागते ते फार मोठे नाही. उत्साहाची वाट न पाहता वेळ ठरवावी. घरात आणि खर्चात बसेल असाच प्रकार निवडावा. मोजता येईल एवढाच रोजचा वाटा घ्यावा. घरातले एखादे माणूस सोबत घ्यावे. एक दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी सतरंजी पुन्हा अंथरावी. आणि वय झाले असे वाटत असेल, तर एवढे आठवावे, की औंधच्या राजाने या नेमाला सुरुवात केली तेव्हा तो चाळिशीला आला होता.